हँडहेल्ड गेमिंग पीसीत आर्म प्रोसेसर: थांबायचं की आत्ताच घ्यायचं?

ठाणे_स्लो
शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर सारखं कोणीतरी विचारतं की हँडहेल्ड गेमिंग पीसी (हातात धरून पीसीचे गेम खेळायचं मशीन) घेऊ का, आणि दर वेळी तोच एक शहाणा उत्तर देतो की थांब रे, आर्मवाले येतायत, मग एक्स८६ला कुत्रं विचारणार नाही. (आर्म म्हणजे फोनमध्ये असतात त्या पद्धतीचे प्रोसेसर, एक्स८६ म्हणजे पीसीतले इंटेल-एएमडीवाले.) ऐकून ऐकून कान किटले म्हणून म्हटलं नीट बसून लिहावं.

पहिली गोष्ट म्हणजे हँडहेल्डमध्ये आर्म "येणार" वगैरे काही नाही, तो कधीचा येऊन बसलाय. २००१चा गेमबॉय ॲडव्हान्स आर्म७टीडीएमआयवर चालायचा, १६.७८ मेगाहर्ट्झ, दोन पेन्सिल सेलवर १५ तास. मग डीएस, ३डीएस, सोनीचा व्हिटा, मधेच २०१३ला एनव्हिडियाचा शील्ड येऊन गेला, मग २०१७चा स्विच ज्यात टेग्रा एक्स१ होती, आणि २०२५च्या जूनमध्ये आलेला स्विच २, तोही आर्मच, ८ कॉर्टेक्स ए७८सी कोअर आणि १२ जीबी रॅम. म्हणजे आर्मवर गेम चालतात का हा प्रश्नच नाहीये. प्रश्न हा आहे की तुमच्या स्टीम लायब्ररीत (स्टीम म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचं पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) जे २००-३०० गेम सेलमध्ये घेऊन पडलेत (त्यातले निम्मे उघडलेले पण नाहीत, असो), जे विंडोजसाठी आणि इंटेल-एएमडीसाठी कंपाइल झालेत (त्यांच्या मशीनच्या भाषेत तयार केलेत), ते आर्मवर चालतील का आणि बरे चालतील का.

आता बॅटरीचं बघू, कारण आर्म म्हटलं की सगळे तिथेच जातात. पहिल्या स्टीम डेकची (व्हॉल्व्हचाच एक्स८६ हँडहेल्ड) बॅटरी ४० वॅट-अवर. आतली एएमडीची चिप ४ ते १५ वॅट घेते. त्यावर स्क्रीन, रॅम, वायफाय, पंखा धरा आणि जड गेम लावला की एकूण खर्च २० वॅटच्या पुढे जातो, म्हणजे सरळ भागाकार केला तर २ तास. व्हॉल्व्ह स्वतःच २ ते ८ तास सांगते, नंतरच्या ओलेड स्क्रीनवाल्याला ५० वॅट-अवर बॅटरी देऊन ३ ते १२. मग लोक म्हणतात आर्म टाकला की दुप्पट होईल. का होईल? जड गेममध्ये त्या १५ वॅटमधला मोठा घास जीपीयू (गेमची चित्रं काढणारा भाग) खातो आणि जीपीयूला आर्म की एक्स८६ याच्याशी काडीचं देणंघेणं नाही. आर्म ही सीपीयूची (मुख्य प्रोसेसरची) इन्स्ट्रक्शनची पद्धत, म्हणजे इन्स्ट्रक्शन सेट आहे. आणि ती पद्धत बदलून वीज वाचते का यावर २०१३मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लोकांनी पेपर लिहिला होता, कॉर्टेक्स ए८, ए९, ॲटम, आय७ असं सगळं मोजून, आणि त्यांचा निष्कर्ष होता की फरक इन्स्ट्रक्शन सेटमुळे पडत नाही, चिप कशासाठी डिझाइन केली आणि कशी बनवली त्याने पडतो.

स्टीम डेकची मूळ चिप ७ नॅनोमीटरची, ओलेडची ६ (आकडा जितका लहान तितकी बनवायची पद्धत नवी आणि वीज कमी). आणि तिची तुलना आपण करतो क्वालकॉमच्या ४ नॅनोमीटरवाल्या स्नॅपड्रॅगन या मोबाइल चिपशी. ही काय तुलना झाली? इंटेलने २०२४मध्ये लूनार लेक ही लॅपटॉपची चिप तैवानच्या टीएसएमसीकडून ३ नॅनोमीटरवर बनवून घेतली, रॅम पण पॅकेजवरच बसवली, तर लगेच एक्स८६ लॅपटॉपच्या बॅटरीचे आकडे आर्मच्या जवळ जाऊन बसले. इन्स्ट्रक्शन सेट तोच होता की.

पण मी आर्मविरोधी नाही हां. आर्मच्या चिपा मोबाइलच्या घरातून आल्यात, त्यामुळे काहीही न करता पडून राहणं त्यांना फार चांगलं जमतं. झोपवून बॅगेत टाकला आणि संध्याकाळी काढला तर बॅटरी जवळपास तेवढीच. हलके गेम, २डी गेम, जुने गेम ५-६ वॅटमध्ये सहज. वजन कमी, पंखा छोटा. रोज बॅगेतून नेणाऱ्याला हे महत्त्वाचं आहे, बेंचमार्कवाल्यांना नसेल.

माझं म्हणणं एवढंच की आर्म हँडहेल्ड पीसीचं काय होणार हे चिपवाले ठरवणार नाहीत. एक्स८६चा कोड आर्मवर चालवणारं सॉफ्टवेअर आणि जीपीयूचा ड्रायव्हर (गेम आणि जीपीयूला जोडणारं सॉफ्टवेअर) जो नीट लिहील तो ठरवणार. आणि तिथेच २०२५च्या नोव्हेंबरात मोठी गोष्ट झाली, व्हॉल्व्हने स्टीम फ्रेम जाहीर केला. आहे तो व्हीआर हेडसेट, पण आत स्नॅपड्रॅगन ८ जेन ३, १६ जीबी रॅम आणि त्यावर चक्क स्टीमओएस (व्हॉल्व्हची लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम). एक्स८६ गेम फेक्स नावाच्या एम्युलेटरमधून (एका चिपचा कोड दुसरीवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालणार. फेक्सला व्हॉल्व्ह बरीच वर्षं पैसे पुरवत होती हे पण तेव्हा सगळ्यांना कळलं. हेडसेटमध्ये मला रस नाही, चष्म्यावर ते बसतही नाही. पण जे हेडसेटवर चालेल ते उद्या हँडहेल्डवर चालवायला काय अडचण आहे?

बोला. चिरफाड चालेल.


कोळंबी_भात
रविवार, सकाळी ८:०५

वाचनखूण साठवली. बाकी नॅनोमीटर वगैरे डोक्यावरून गेलं. मला फक्त सांगा विरार ते चर्चगेट टिकेल का? (बसायला मिळालं तर. उभ्याने खेळायचा विषयच नाही, तिथे स्वतःचा हात स्वतःला सापडत नाही)


चौथी_सीट
रविवार, सकाळी १०:२०

ठाणे_स्लो, धागा आवडला, पण सगळ्यात मजेशीर भाग तुम्ही दोन ओळीत उरकलात. मी कंपाइलरवर काम करतो म्हणून थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

एक्स८६चा कोड आर्मवर चालवणं म्हणजे प्रत्येक इन्स्ट्रक्शन वाचायची, तिच्या बदल्यात एक किंवा अनेक आर्म इन्स्ट्रक्शन तयार करायच्या, आणि तो तयार तुकडा साठवून ठेवायचा म्हणजे पुढच्या वेळी परत मेहनत नको. एक्स८६ची इन्स्ट्रक्शन १ ते १५ बाइट कितीही लांब असू शकते, ६४ बिट आर्मची प्रत्येक ४ बाइट. रजिस्टर (सीपीयूच्या आतले छोटे कप्पे) एक्स८६ला १६, आर्मला ३१, त्यामुळे ती सगळी आर्ममध्ये आरामात मावतात. इथवर ठीक आहे.

खरी माती होते ती मेमरीच्या क्रमात. सीपीयूचा एक कोअर (आतल्या अनेक प्रोसेसरांपैकी एक) मेमरीत आधी अ लिहितो मग ब लिहितो. एक्स८६मध्ये दुसऱ्या कोअरला ते त्याच क्रमाने दिसणार याची हमी असते. आर्ममध्ये तशी हमी नाही. एक्स८६ म्हणजे बेस्टच्या स्टॉपवरची रांग, आणि आर्म म्हणजे दादरला लोकलमध्ये चढणं, शेवटी सगळे आत पोचतात पण कोण आधी कोण नंतर ते विचारू नका. आता विंडोजचे गेम लिहिणाऱ्याने ती रांग गृहीत धरूनच कोड लिहिलेला असतो, त्याला माहीतही नसतं की आपण काही गृहीत धरलंय. मग एम्युलेटरला जागोजागी जास्तीच्या सूचना घालून आर्मला तो क्रम पाळायला लावावा लागतो, आणि तिथे स्पीडची वाट लागते. फेक्समध्ये हे बंद करायची सोय आहे, बॉक्स६४ या दुसऱ्या एम्युलेटरमध्ये पण कमी-जास्त करता येतं. बंद केलं की गेम सुसाट पळतो आणि मग कधीतरी बॉसला मारता मारता अचानक डेस्कटॉप दिसतो. यूट्यूबवर जे "बघा किती एफपीएस" (एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं) दाखवतात ना, त्यांनी ही सेटिंग कुठे ठेवलीय ते आधी विचारा.

ॲपलने यावर जालीम उपाय केला, मॅकच्या एम१ या आर्म चिपमध्ये हार्डवेअरलाच एक्स८६च्या क्रमाने चालायचा मोड देऊन टाकला. म्हणून रोझेटा २, म्हणजे त्यांचं भाषांतराचं सॉफ्टवेअर, एवढं गुळगुळीत चालतं.

दुसरी युक्ती म्हणजे सगळंच भाषांतर करायचं नाही. गेमचा स्वतःचा कोड एक्स८६, पण तो ज्या लायब्ररींना हाका मारतो त्या थेट आर्मच्या. व्हल्कनचा (ग्राफिक्सच्या कामाची लायब्ररी) कॉल आला की पलीकडे खरा आर्मचा ड्रायव्हरच उचलतो. वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) आता आर्म६४ईसीची, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये आर्म आणि एक्स८६चा कोड मिसळायची, सोय आहे (पद्धत मूळ मायक्रोसॉफ्टची, २०२१ची), त्यामुळे वाइन आणि डीएक्सव्हीके (डायरेक्टएक्सचं व्हल्कन करणारं) आर्मचे राहतात आणि फक्त गेमची एक्झीक्यूटेबल भाषांतरातून जाते. जड गेममध्ये बराच वेळ ड्रायव्हर आणि जीपीयूतच जातो, म्हणून एकूण मार वाटतो तेवढा बसत नाही. पण सीपीयूवर जोर असलेले गेम, मोठे स्ट्रॅटेजी गेम, शहर वसवायचे गेम, तिथे रडू येतं.

थोडक्यात तुमच्याशी सहमत, एक सोडून. इन्स्ट्रक्शन सेटने काहीच फरक पडत नाही हे जरा जास्त होतंय. तो २०१३चा पेपर त्या काळच्या कोअरवर आहे. ४ बाइटची ठरावीक इन्स्ट्रक्शन असली की एकदम ८-८ डीकोड करणं सोपं जातं, एम१ने तेच केलं. एक्स८६वाले पण आता तिथे पोचलेत, पण जास्त ट्रान्झिस्टर आणि जास्त डोकं लावून.


बोरिवलीचा_बाजीराव
रविवार, सकाळी १०:४१

एवढं लिहिण्यापेक्षा सरळ सांगा ना ॲपलने २०२०लाच करून दाखवलं. एम१ आला, विषय संपला. बाकीचे अजून चाचपडतायत.


चौथी_सीट
रविवार, सकाळी ११:०२

बाजीराव, विषय संपला तर मॅकवर गेमर किती आहेत? २०२३मध्ये त्यांनी गेम पोर्टिंग टूलकिट आणलं, सायबरपंक हा जड गेम २०२५मध्ये मॅकवर नेटिव्ह (भाषांतराशिवाय) आला, सगळं मान्य. पण ॲपलचा हँडहेल्ड कुठाय, हा धागा हँडहेल्डचा आहे. आणि एक गंमत सांगतो, २०२५च्या जूनमध्ये ॲपलने जाहीर केलं की रोझेटा २ मॅकओएस २७पर्यंत पूर्ण राहील, त्यानंतर त्यातला थोडाच भाग ठेवणार, आणि तो कशासाठी? तर ज्यांना आता कोणी वाली नाही अशा जुन्या गेमसाठी. बाकी ॲपवाले बदलतात, गेम बदलत नाहीत. गेम बनवणारी टीम कधीच दुसऱ्या कामाला लागलेली असते. म्हणून भाषांतराचा थर "तात्पुरता" कधीच नसतो.


बोरिवलीचा_बाजीराव
रविवार, सकाळी ११:०५

आयफोन १५ प्रोवर रेसिडेंट ईव्हिल चालतो राव. कंट्रोलर लावला की झाला हँडहेल्ड.


कोळंबी_भात
रविवार, सकाळी ११:३०

आणि मग स्टेशन आलं की उतरताना कोणाचा फोन आला तर कंट्रोलरसकट कानाला लावायचा का :D


रेट्रो_काका
रविवार, दुपारी १:१५

हसून हसून पुरेवाट. कोळंबी_भात, ते पण करून झालंय आमच्या पिढीने. २००३चा नोकिया एन-गेज आठवतो का कोणाला? आर्म९२०टी, १०४ मेगाहर्ट्झ. कानाला आडवा, कडेवर उभा धरून बोलायचं, समोरचा बघत राहायचा की यांचं नक्की काय बिघडलंय. गेमचं कार्ड बदलायचं तर मागचं झाकण उघडून बॅटरी काढायची. हार्डवेअर त्या काळाच्या मानाने बरंच होतं, पण वापरणाऱ्याचा विचार कोणी केलाच नव्हता. त्याआधी ब्रिक गेम, सगळ्यांच्या खिशात, त्यात प्रोसेसर कोणता हे विचारायची अक्कल पण नव्हती आणि गरजही नव्हती.

माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही सगळे पीसी गेमच्या बाजूने बघताय. आमच्या सोसायटीतली पोरं बघा, जिन्यात बसून चौघं जण बीजीएमआय खेळतात. तो आर्मवरच चालतो ना? २०२१ला आला, २०२२च्या जुलैत बंद पडला, २०२३च्या मे महिन्यात परत आला, पोरं तशीच परत बसली. आपल्याकडे बहुतेक लोकांनी आयुष्यातला पहिला गेम आर्मवरच खेळलाय. एक्स८६ हा आपल्यासारख्या पीसी बाळगणाऱ्यांचा हट्ट आहे. उद्या या पोरांच्या हातात पैसे आले तर ती स्टीमची लायब्ररी घेऊन येणार नाहीत, तेव्हा भाषांतराची चिंता त्यांना कशाला?


ठाणे_स्लो
रविवार, दुपारी १:५०

काका, मुद्दा एकदम पटला आणि मी तो लिहायलाच हवा होता. फक्त एक, ती पोरं फुकटात मिळणारा गेम हातातल्या फोनवर खेळतात. त्यांना वेगळा हँडहेल्ड विकायचा तर फोनवर न मिळणारं काहीतरी द्यावं लागेल, आणि ते "काहीतरी" म्हणजे परत पीसीचे गेमच. लॉजिटेकने २०२२मध्ये स्नॅपड्रॅगन ७२०जी टाकून जी क्लाउड काढला, क्लाउडवरून गेम स्ट्रीम करा म्हणून. आता क्लाउड म्हणजे नेट आलं, आणि आपल्याकडे ट्रेन बोगद्यात शिरली किंवा दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली की व्हॉट्सॲपचा मेसेज जायची मारामार.


लॅमिंग्टनकर
रविवार, संध्याकाळी ६:३०

दुकान बंद असल्यामुळे आज निवांत वाचला धागा. मी लॅमिंग्टन रोडला रिपेअरिंगमध्ये आहे, सॉफ्टवेअरचं तुम्ही बोला, मी हातात येतं त्याचं बोलतो.

आर्मचे हँडहेल्ड इथे आधीपासून चिकार विकले जातात, फक्त तुम्ही ज्याला पीसी म्हणता ते नाहीत. चायनाचे छोटे, आत रॉकचिप आरके३५६६ नाहीतर ऑलविनर एच७००, लिनक्सवर जुने गेम चालवतात. कार्यालयात जाणारे तिशी-चाळिशीतले लोक घेतात, लहानपणीचे गेम खेळायला. गिऱ्हाईक येतो, मशीन हातात घेतो, पहिला प्रश्न "जीटीए चालेल का?". मी म्हणतो सॅन अँड्रियास का पाच? तर म्हणतो पाच. मग मी चहा सांगतो कारण समजवायला वेळ लागणार.

रिपेअरला काय येतं ते सांगतो. स्टिक ड्रिफ्ट (हात न लावता स्टिक आपोआप सरकते) सगळ्यात जास्त, हॉल इफेक्ट स्टिक (चुंबकावर चालणारी) असेल तर सहसा येत नाही, घेताना तेवढं बघा, प्रोसेसर नंतर बघा. दुसरं म्हणजे पंखा. मुंबईची हवा, धूळ आणि खारट दमटपणा, पंख्याच्या पात्यावर जो काळा चिकट थर बसतो ना, तो साफ करायला आयसोप्रोपिल लागतं, नुसत्या ब्लोअरने जात नाही. १५-२५ वॅट फेकणाऱ्या मशीनमध्ये पंखा सतत ओरडतो म्हणून तिथे जास्त भरतो. आर्मवाल्यात हलका गेम असेल तर पंखा बंदच असतो. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत जड गेम लावून बघा, मागचं ग्रिल हाताला लागतं. म्हणून ठाणे_स्लो भाऊ, तुम्ही बॅटरीच्या तासांवर बोललात पण मुंबईत उष्णता हा वेगळा मुद्दा धरा. कमी वॅट म्हणजे कमी घाम, मशीनला पण आणि आपल्याला पण.

तिसरं, स्टीम डेक आपल्याकडे अधिकृत विकतच नाहीत. बाजारात मिळतो तो सगळा बाहेरून आणलेला, वॉरंटी दुकानदाराच्या तोंडाची. बोर्ड गेला तर डोनर बोर्ड (दुसऱ्या मशीनमधून काढलेला) शोधावा लागतो. आर्मवाल्या चायना मशीनचं पण तेच, फक्त तिथे पैसे कमी अडकतात.


शेवपुरी
रविवार, रात्री ९:१०

लॅमिंग्टनकर, जीटीए पाचवर खूप हसले.

मी अंधेरीत एका छोट्या गेम स्टुडिओत टेस्टिंग बघते. इथे सगळे गृहीत धरून चाललेत की डेव्हलपर आर्मसाठी गेम देणारच नाहीत आणि सगळा भार फेक्सवर. मला ते पूर्ण पटत नाही. युनिटी आणि अनरिअल दोन्ही कित्येक वर्षं अँड्रॉइडसाठी आर्मचा कोड काढतायत. स्विच २साठी जो स्टुडिओ गेम बनवतोय त्याच्याकडे गेमचं आर्म बिल्ड (कंपाइल केलेली प्रत) आधीच आहे, सायबरपंक स्विच २च्या लाँचलाच आला. म्हणजे आर्मसाठी कंपाइल करणं हा अडथळाच नाहीये आता.

अडथळा आमच्यासारख्यांच्या टेबलावर येतो. गेमच्या आत चार-पाच दुसऱ्यांच्या डीएलएल (तयार कोडच्या फाइली) असतात, आवाजाची एक, व्हिडिओची एक, क्रॅश रिपोर्टची एक. त्यातल्या एकीचं आर्म व्हर्जन नसलं की सगळं अडलं. मग प्रत्येक पॅच दोनदा टेस्ट करायचा. मॅनेजर विचारतो विंडोज आर्मवर आपले खेळाडू किती, आकडा ऐकला की तो पुढचा विषय काढतो. व्हॉल्व्हने भाषांतराची सोय केली की तर मॅनेजर अजूनच म्हणणार, आपोआप चालतंय ना, मग कशाला हात लावता. डेक आल्यावर लिनक्सचं तेच झालं, प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं व्हॉल्व्हचं सॉफ्टवेअर) एवढा चांगला चालला की नेटिव्ह लिनक्स बिल्ड बनवायचं कोणाला सुचेनाच. खेळणाऱ्यांना चांगलं झालं, पण नेटिव्ह बिल्डसाठी हात वर करणारं कोणी उरलं नाही.

आणि अँटी-चीट, म्हणजे गेममधली फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर. ते कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) बसतं. विंडोजचं प्रिझम (त्यांचं फेक्ससारखं सॉफ्टवेअर) फक्त साध्या प्रोग्रामचं भाषांतर करतं, कर्नल ड्रायव्हर आर्मचाच लागतो. एपिकने २०२५मध्ये इझी अँटी-चीट आणि फोर्टनाइट विंडोज आर्मवर आणायचं काम हाती घेतलं ते त्यासाठीच. पण व्हॅलोरंट खेळणाऱ्याने आर्म हँडहेल्डकडे बघूच नये, तो बिचारा स्टीमओएसवरही खेळू शकत नाही.


चौथी_सीट
रविवार, रात्री ९:४५

+१ शेवपुरीताई. प्रोटॉनमुळे नेटिव्ह लिनक्स मेलं हे अगदी खरं, आणि आर्मचंही तेच होणार असं मला वाटतं. कायमचे भाषांतरातच राहणार.


ठाणे_स्लो
रविवार, रात्री १०:३०

मला यात वाईट काही वाटत नाही. मला गेम खेळायचाय, बायनरी उघडून आत काय आहे ते बघायचं नाहीये. भाषांतरात १०-२० टक्के गेले तरी चालतील, गेम बंद पडायला नको एवढंच.

ज्यांना आत्ताच आर्मवर पीसी गेम करून बघायचेत त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं लिहितो. अँड्रॉइड हँडहेल्ड घ्या आणि त्यावर विनलेटर किंवा गेमहब टाका, आत वाइन, बॉक्स६४ नाहीतर फेक्स असंच सगळं असतं. घेताना जीपीयू बघा. क्वालकॉमच्या ॲड्रिनो जीपीयूसाठी मेसा या ग्राफिक्स प्रकल्पाचा टर्निप नावाचा ओपन सोर्स ड्रायव्हर आहे आणि डीएक्सव्हीके त्यावर छान चालतं. मीडियाटेकच्या डायमेन्सिटी चिपमध्ये माली हा जीपीयू असतो, आकडे बघाल तर तोडीस तोड, पण पीसी गेम लावले की टेक्स्चर काळी, नाहीतर गेम उघडतच नाही. सगळ्यात नवीन चिप म्हणजे सगळ्यात चांगली असंही नाही. स्नॅपड्रॅगन ८ एलीट आली तेव्हा तिच्या ॲड्रिनो ८३०साठी टर्निप तयारच नव्हता, आणि तिच्यापेक्षा जुन्या ८ जेन २वर, म्हणजे आयन ओडिन २ या अँड्रॉइड हँडहेल्डमध्ये जी आहे तिच्यावर, लोक मजेत खेळत होते. म्हणून मी पहिल्यापासून ओरडतोय की ड्रायव्हर बघा.

लॅमिंग्टनकर, उष्णतेचं पटलं. मी वॅट फक्त तासात मोजत होतो.


गच्चीवरचा_गेमर
रविवार, रात्री ११:२०

छान चर्चा. स्विचचे गेम पण अँड्रॉइडवर चालतात ना? तिथे तर भाषांतर नको, दोन्हीकडे आर्म. कोणी लिंक देईल का कुठून उतरवायचे, आगाऊ धन्यवाद


संपादक
रविवार, रात्री ११:३५

गेम उतरवायच्या लिंका इथे मागू नयेत आणि देऊ नयेत. पुढचे असे प्रतिसाद उडवले जातील.


चौथी_सीट
सोमवार, सकाळी ७:५०

लिंक सोडा, तांत्रिक प्रश्न रास्त आहे. हो, सीपीयूचा कोड तसाच थेट चालवता येतो, युझू या स्विच एम्युलेटरच्या अँड्रॉइड व्हर्जनमध्ये ती सोय होती. तरी स्विचमधला जीपीयू एनव्हिडियाचा, त्याचे शेडर (जीपीयूवर चालणारे छोटे प्रोग्राम) बदलावेच लागतात, म्हणजे फिरून गाडी ड्रायव्हरवरच. आणि युझूचं काय झालं ते माहीत असेलच, निन्टेंडोने कोर्टात खेचलं, २०२४च्या मार्चमध्ये २४ लाख डॉलर कबूल करून दुकान बंद.


कोळंबी_भात
सोमवार, सकाळी ८:४०

सगळं वाचलं. (चढताना. बसायला मिळालं नाही.) पण विरार-चर्चगेटचं उत्तर अजून कोणी दिलंच नाही!


ठाणे_स्लो
सोमवार, सकाळी ९:१५

सॉरी सॉरी. स्लोने पावणेदोन तास धरा. स्टीम डेक ओलेडवर जड गेम लावून जेमतेम पुरेल, हलका लावला तर जाऊन-येऊन होईल. ओडिन २ची बॅटरी ८००० एमएएच, म्हणजे साधारण ३१ वॅट-अवर, आणि ८ वॅटच्या आसपास ठेवलंत तर पावणेचार तास, म्हणजे दोन्ही वेळचं भागलं. पण मी तुम्हाला वजन सांगतो. स्टीम डेक ओलेड ६४० ग्रॅम, आसुसचा एक्स८६वाला आरओजी ॲलाय एक्स ६७८, ओडिन २ ४२०, आर्मवाला रेट्रॉइड पॉकेट ५ फक्त २८०. खिडकीला बसून दोन्ही कोपर पोटाशी घेऊन खेळायचं असतं आपल्याला, शेजारच्याचा खांदा आपल्या खांद्यावर. तिथे ६४० ग्रॅम अंधेरी यायच्या आत मनगटाला कळतात.


लॅमिंग्टनकर
सोमवार, सकाळी ११:००

आणि मोठा डब्बा काढला की चार माणसं वाकून बघतात, पाचवा म्हणतो कितीला घेतला. गर्दीच्या गाडीत छोटा बरा.


रेट्रो_काका
सोमवार, सकाळी ११:२५

मग ठरलं काय? थांबायचं की घ्यायचं? धाग्याचं नाव तेच आहे.


ठाणे_स्लो
सोमवार, दुपारी १:४०

काका, मी दोन ओळीत सांगतो. घरी सोफ्यावर बसून मोठे पीसी गेम खेळायचे असतील तर एक्स८६च घ्या, आर्मसाठी थांबू नका, निदान एक पिढी (चिपची) तरी ते पुढेच राहणार. गाडीत खेळायचं असेल आणि जुने-छोटे गेम आवडत असतील तर आत्ताच ॲड्रिनोवाला आर्म घ्या, थांबायचं कारणच नाही. थांबावं फक्त त्याने ज्याला एकाच मशीनवर दोन्ही पाहिजे. आणि त्याने क्वालकॉमच्या लाँच इव्हेंटकडे बघत बसू नये, स्टीम फ्रेम लोकांच्या हातात पडल्यावर फेक्सवर कुठले गेम चालतात आणि कुठले आपटतात त्या याद्या वाचाव्यात.


चौथी_सीट
सोमवार, दुपारी २:०५

"निदान एक पिढी" यावर मी वाद घालणार आहे पण मीटिंग आहे, संध्याकाळी येतो.


कोळंबी_भात
सोमवार, दुपारी २:३०

मी २८० ग्रॅमवाला घेतोय. लॅमिंग्टनकर, शनिवारी दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं? आणि त्यात हॉल इफेक्ट स्टिक आहे ना?


लॅमिंग्टनकर
सोमवार, दुपारी २:४५

आहे. आठपर्यंत या, ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. जीटीए पाच विचारू नका फक्त.